येसूकाकीची खोळ

"ही कोण गो?"

मी काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत होते. मान वर केली तर स्टुडिओच्या पायरीवर एक म्हातारी उभी. डोक्यावरून पाठीवर सोडलेली खताच्या पिशवीची खोळ, तिच्यातून टपटप पाणी गळतंय, काखेत टोपली, आणि डोळे आमच्या शोकेसवर. शोकेसमध्ये मधोमध लावलेल्या मोठ्या फोटोबद्दल तिनं विचारलं होतं.

"मीच की," मी म्हटलं.

तिनं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"तू? मगे तुझा तोंड खंय गेला?"

आतल्या खोलीत भाऊ, म्हणजे माझे वडील, निगेटिव्हवर पेन्सिल चालवत बसले होते. त्यांचा हात थांबल्याचं मला न बघता कळलं. नेवगी फोटो स्टुडिओच्या मालकाला त्याच्याच पायरीवरून असं कुणी बोलावं, ही गोष्ट आमच्या तालुक्यात तोवर घडली नव्हती. भाऊंच्या हातचा 'दाखवायचा फोटो' काढून घ्यायला तीन तालुक्यांतून मुली यायच्या. सावळी यावी आणि फोटोत उजळून निघावी, ही त्यांची ख्याती. तो फोटोही त्यांनीच काढला होता. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण हसू आलं.

"काय काम होतं, काकी?"

तिनं टोपली पायरीवर ठेवली, कमरेला खोचलेला चौघडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर पसरला. ओला, एका कोपऱ्यात फाटलेला, भिंतीवरून ओरबाडून काढलेला. मी लगेच ओळखला. वर लाल अक्षरांत 'विषारी अळंबी ओळखा! जीव वाचवा!', खाली डॉ. कारखानीसांच्या आरोग्य मोहिमेचं नाव, आणि मधे काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक पांढरीशुभ्र छत्री.

"हो फोटो कोणी काढल्यान?"

"मी."

"तू?" तिचा आवाज एकदम खाली आला. मला वाटलं होतं ती ओरडेल. "आज माका बाजारातसून उठवल्यानी. पन्नास वर्सां अळमी विकतंय मी. मुकादम म्हणता, म्हातारे, विख विकतंस. पोस्टरात बघ म्हणता, हीच ती पांढरी छत्री."

टोपलीवरचं सागाचं पान तिनं बाजूला केलं. आत रोवणाची अळंबी होती. आमच्याकडे रोवण म्हणजे वारूळ. श्रावणात वारुळाच्या पोटातून ही अळंबी वर येते ती जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि मासे-मटण बंद असल्यामुळे बाजारात तिच्यावर उड्या पडतात. त्या मंगळवारी मात्र टोपली जशीच्या तशी भरलेली होती.

मी पोस्टर पाहिलं, टोपली पाहिली. मुकादमाला दोष देण्यात अर्थ नव्हता. ही पांढरी छत्री, तीही पांढरी छत्री.

"आणि आयक," ती म्हणाली. "आमच्या वाडयेतलो तुको कुत्र्याची छत्री खावन दोन दिस ओकत होतो. मरान वाचलो. विचारलंय, रे मेल्या, खाल्लंस कित्याक? तर म्हणता, पोस्टरातली पांढरी आसा, ही तशी दिसाक नाय, म्हणान खाल्लंय."

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवली. डॉक्टरांच्या ओळखीच्या कुणीतरी ओळखून दिलेलं ते विषारी अळंबं, दवाखान्यामागच्या गवतात उगवलेलं. मी हातभर अंतरावरून सरळ फ्लॅश मारला होता. फोटो धुऊन आला तेव्हा टोपीवरचे तपकिरी खवले कुठल्या कुठे गेले होते, खालचा भाग काळ्या सावलीत बुडाला होता. मला ते दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वा! किती स्वच्छ आलाय!" आणि भाऊ म्हणाले, "गिऱ्हाईक खूश, आपण खूश." मीही गप्प बसले.

"काकी, चुकला फोटो," मी म्हटलं.

"ता माका दिसता. सुधारतलंस काय?"

"सुधारते."

"मगे उद्या सकाळी ये. आडवणच्या थांब्यार. येसू गावडीण म्हणान कोणाकय विचार." टोपली काखेत मारून ती उतरली. पायरीवरून पुन्हा एकदा शोकेसकडे बघत म्हणाली, "आणि ह्या बयेक घेवन येव नको. तूच ये."

आतून भाऊ म्हणाले, "कुठे जायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, शैला."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि उत्तर न देता आपल्याला हवं ते करण्याची कला मला चांगली साधली होती.

*

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आडवणला उतरले. गळ्यात कॅमेरा, पिशवीत फ्लॅश, फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब धरता यावा म्हणून एक वायर, अगदी जवळून फोटो काढायला भिंगामागे लावायच्या नळ्या, बटर पेपर, आणि लग्नातल्या पंगतीतलं एक थर्मोकोलचं ताट. रोल अर्धा एका बारशात गेलेला होता. बारा फोटो शिल्लक होते.

येसूकाकी थांब्यावरच होती. पावसाची बुरबुर चालू होती. तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं आणि पहिली अट घातली.

"रोवण दाखवतंय, पण जागा कोणाक सांगूची नाय. माझ्या सुनेकव मी अजून दाखवलेली नाय."

"नाही सांगणार."

"बोट दाखवचा नाय. बोट दाखवल्यार अळमी कुसता. दाखवचाच झाला तर असा." तिनं बोट दुमडून त्याच्या पेरानं हवेत टोचून दाखवलं. "आणि पयला दिसता ता काढूचा नाय. ता देवचाराचा." देवचार म्हणजे रानाचा राखणदार.

आधी तिनं मला गुरांच्या माळावर नेलं. तिथं गवतात कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या, चांगल्या बशीएवढ्या. तिनं एक उपटली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली.

"बघ."

छत्रीच्या पोटातल्या झालरी मळकट हिरव्या होत्या, मुगाच्या सालासारख्या. टोपीच्या माथ्यावर तपकिरी खवले आणि देठाला एक सैल कडं. रोवणाच्या अळंबीला यातलं काहीच नसतं. पाच वर्षांच्या पोराला दाखवलं तरी कळावं इतका ढळढळीत फरक, आणि माझ्या फोटोनं तो पार पुसून टाकला होता.

मी ओल्या गवतात पालथी पडले. उजेड मऊ व्हावा म्हणून फ्लॅशवर बटर पेपर गुंडाळला आणि दोन फोटो काढले. तिसऱ्याच्या आधीच पावसानं बटर पेपर भिजून फ्लॅशला चिकटला, शिळ्या घावनासारखा. रुमाल बांधून पाहिला, पण मला ते पटेना. फ्लॅशच्या तोंडावर काहीही बांधलं तरी उजेड येणार त्या काड्यापेटीएवढ्या तोंडातूनच. ओल्या टोपीवर तसाच पांढरा डाग उमटणार, खाली तशीच काळी सावली पडणार.

"झाला?" काकीनं विचारलं.

"नाही झालं."

"मगे चल. चांगला बघ आधी. वायट मागसून."

रानात शिरल्यावर ती बोलायची थांबली. अर्ध्या तासानं एका ऐनाच्या झाडामागे तिनं हात आडवा केला आणि बोटाचं पेर पुढे टोचलं. वारुळाच्या उतारावर अळंबी फुटली होती. शे-दीडशे तरी असतील. राखाडी-पांढऱ्या टोप्या, प्रत्येकीच्या माथ्यावर टोक, काही अजून मिटलेल्या, काही मातीला नुसतं ढकलत असलेल्या. काकीनं पायताण काढलं, पहिल्या अळंबीवर सागाचं पान पालथं घातलं आणि पुटपुटत हात जोडले. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

मी वारुळाच्या पायथ्याशी आडवी झाले. फ्लॅश डाव्या हातात वर धरला आणि चालतोय का बघायला बटण दाबलं.

लख्ख झालं, आणि येसूकाकी किंचाळली.

"गो चेडवा! उघडी वीज पाडतंस माझ्या रोवणार? विजेन येता ता विजेन जाता! बंद कर आधी!" बोलता बोलता तिनं डोक्यावरची खोळ ओढून काढली आणि दोन्ही हातांनी त्या अळंब्यांवर तंबूसारखी धरली. खोळीचा पडदा माझ्या हातातल्या फ्लॅशच्या आणि अळंब्यांच्या मधे आला. मी डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच होता. दचकून माझं बोट दाबलं गेलं आणि फ्लॅश पुन्हा उडाला.

क्षणभरच दिसलं, पण दिसलं. अख्खी खोळ उजळली होती. दुधाळ पांढरं प्लॅस्टिक, हातभर रुंद, अळंब्यांपासून वीतभर अंतरावर. त्याच्याखाली चमक नव्हती, काळी सावली नव्हती. प्रत्येक टोपीवरची रेघ न् रेघ, टोकावरचा मातीचा कण, सगळं आपापल्या जागी होतं.

"काकी, हलू नका!"

"फोटो पुरे!"

"काकी, आता उघडी वीज नाही पडत. खोळीतून पडतेय. तुम्ही अशीच धरून ठेवा, तुमच्या अळंब्यांना काही होणार नाही."

ती खोळीच्या वरून माझ्याकडे संशयानं बघत राहिली. मग तिनं आपली खोळ बघितली.

"परत दाखव," ती म्हणाली. "पण हळू."

हळू फ्लॅश मारता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. मी बटण दाबलं. खोळ दिव्याच्या काचेसारखी भरून आली. येसूकाकीच्या तोंडावरही तो उजेड पडला, आणि सत्तरीतल्या त्या सुरकुतलेल्या काळ्या चेहऱ्यावर मला अचानक दिसलं की ही बाई देखणी आहे. फ्लॅशपुढे बसवलेल्या कुठल्याही नवरीपेक्षा देखणी.

"बरा आसा," ती म्हणाली. "दह्यासारखो उजेड."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. खोळ बराच उजेड खाते, म्हणून भिंगाचं तोंड आधी एक घर उघडलं, मग आणखी एक. फिल्मवर काय येतंय ते तेव्हा जागेवर कळायचं नाही, त्यामुळे एकच चौकट दोनदा घ्यायची, एकदा कमी, एकदा जास्त. थर्मोकोलचं ताट मी अळंब्यांच्या बुडाशी सरकवलं, खोळीतून आलेला उजेड त्यावर आपटून खालून झालरींवर जायला लागला. काकी मुकाट खोळ धरून होती. मधेच म्हणायची, "हीची पाठ घे. तोंड पुढाऱ्यासारखा करून बसली आसा." मी एकदा चुकून बोट दाखवलं तर हातावर चापट बसली.

परतताना माळावर पुन्हा उतरलो आणि त्या हिरव्या झालरींचे फोटो खोळीच्या उजेडात घेतले. अकरा झाले. एक राहिला.

"झाला?"

"एक उरलाय."

"तुझो काढ."

"माझा कशाला?"

"कित्याक म्हणजे? दुकानात लावलेलो तो कोणाचो आसा देव जाणे. ह्याच उजेडात काढ. मी खोळ धरतंय."

मी माळाच्या कडेच्या दगडी गडग्यावर कॅमेरा ठेवला, आपोआप निघायची कळ फिरवली आणि फ्लॅश हातात धरून समोर जाऊन बसले. केस ओले, गालाला चिखल, अंगावर भाऊंचा जुना शर्ट. येसूकाकीनं माझ्या शेजारी खोळ धरली, अळंब्यांवर धरली होती तशीच. तोंड नीट कर, असं ती म्हणाली नाही. मीही केलं नाही.

*

रोल एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरच्या लॅबला गेला आणि सोमवारी सकाळी फोटो आले. दोन चौकटी मी मोठ्या करून मागवल्या होत्या. पाकीट फोडलं. हिरव्या झालरी हिरव्या होत्या. तपकिरी खवले मोजता येत होते. शेजारी रोवणाची अळंबी ठेवली तर आंधळ्यालाही फरक कळेल, असं काहीतरी मी ओरडले असणार, कारण भाऊ आतून बाहेर आले.

त्यांनी फोटो खिडकीपाशी नेले. बराच वेळ बघितले. चांगलं काम त्यांना कळायचं, हे मला मान्य करायलाच हवं.

"उजेड कसा केलास?"

"खताच्या पिशवीनं."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लगेच बंद झालं. "डॉक्टर येतायत आत्ता. हे आत ठेव."

मी ठेवले नाहीत. डॉ. कारखानीस आले तेव्हा फोटो काउंटरवरच होते. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. तालुक्यातली निम्मी बाळंतपणं त्यानं सुखरूप केली होती. पण आपण म्हटलं ते लोकांच्या भल्याचं, अशी सवय लागलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

"शैला, फोटो सुंदर आहेत," ते म्हणाले. "पण दोन हजार पोस्टरं यंदाच छापून लागलीत. आणि खरं सांगू? लोकांनी कुठलीच रानातली अळंबी खाऊ नये. सगळ्याच बंद झाल्या की प्रश्न मिटला."

"मग पोस्टरवर तसं लिहा, डॉक्टर. ओळखा म्हणून कशाला लिहिलंत? ओळखता येणार नाही असा फोटो खाली लावून?"

"शैला!" भाऊ म्हणाले.

"तुका आडवणकर दोन दिवस ओकत होता ते माहीत आहे तुम्हाला? तुमच्याकडेच आणला होता ना? त्यानं तुमचं पोस्टर वाचून खाल्ली."

डॉक्टर खिशातून वही काढत म्हणाले, "ही चांगली अळंबी कुठं मिळाली? नोंद करून ठेवतो."

"ते नाही सांगणार."

"का?"

"शब्द दिलाय."

डॉक्टर भाऊंकडे बघून हसले, पोरांच्या हट्टावर मोठी माणसं हसतात तसे. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि गेले.

गाडी वळल्यावर भाऊ म्हणाले, "तुला कळत कसं नाही? त्या पोस्टरवर आपलं नाव नाही. कुणाला माहीत नाही फोटो कुणी काढला. आपणच उठून सांगायचं, आम्ही चुकलो म्हणून? उद्या कोण येईल या पायरीवर?"

"येसूकाकी येईल."

"शैला, फोटो म्हणजे पुरावा नसतो. फोटो ही शिफारस असते. तीस वर्षं मी शिफारसी करतोय. किती संसार उभे राहिले त्यावर!"

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. मी ते गिळलं. त्याची वेळ दुसऱ्या दिवशी आली.

*

मंगळवारी बाजार भरायच्या आधी मी तिथं होते. बाजाराच्या पत्र्याच्या शेडला, मुकादमाच्या टेबलामागच्या खांबावर, ते पोस्टर नव्यानं डकवलं होतं. मी त्याच्या दोन बाजूंना माझे दोन मोठे फोटो पुठ्ठ्यावर लावून सुतळीनं बांधले. डावीकडे रोवणाची अळंबी, उजवीकडे कुत्र्याची छत्री, पोट दाखवून. मग पोस्टरवरच, त्या पांढऱ्या छत्रीच्या खाली, लाल स्केचपेननं ठसठशीत लिहिलं : 'हा फोटो मी काढला. तो चुकीचा आहे. शैला नेवगी, नेवगी फोटो स्टुडिओ.'

येसूकाकी टोपली घेऊन आली, तिनं तिन्हींकडे बघितलं आणि बरोबर त्यांच्या खाली गोणपाट अंथरून बसली.

मुकादम धावत आला. "म्हातारे, ऊठ! आणि तू काय गो हा लावलंस? सरकारी पोस्टरार लिवतंस?"

"सरकारी नाही, डॉक्टरांचं आहे. त्यांना बोलवा," मी म्हटलं.

"बोलवतंय! बोलवतंयच!"

डॉक्टरांचा दवाखाना समोरच होता. ते आले तोवर शंभर-दीडशे माणसं गोळा झाली होती. बाजाराच्या दिवशी आमच्या गावात भांडण फुकट बघायला मिळत असेल तर कुणी भाजी घेत नाही. मी गर्दीत मागे भाऊंची टोपी पाहिली. पण पाय तिथंच रोवून उभी राहिले.

डॉक्टरांनी माझं लाल अक्षर वाचलं. त्यांचे कान तापले. "हे काय चालवलंयस?"

मी बोलण्याआधी येसूकाकी उठली. टोपलीतून तिनं एक अळंबं काढलं, वेगळ्या पानात बांधून आणलेलं दुसरं सोडलं, दोन्ही सागाच्या पानावर बसवली, देठ मोडून, टोप्या वर करून. दोन्ही पांढरट, दोन्ही गोल.

"दाक्तरानू, तुमी शिकलेले," ती हात जोडून म्हणाली, आणि त्या हात जोडण्यात नम्रता औषधालाही नव्हती. "एक चांगला आसा, एक विख. तुमच्या पोस्टरात बघा आणि सांगा. खयचा विख?"

डॉक्टरांना मागं फिरता येईना. त्यांनी पोस्टरकडे बघितलं, पानाकडे बघितलं. एका टोपीवर पुसट तपकिरी खवले होते, पण पोस्टरातली छत्री निव्वळ पांढरी. मग त्यांनी त्यातल्या त्यात जास्त पांढऱ्या अळंब्याकडे बोट केलं.

"बोट दाखवू नकात!" काकी ओरडली. मग हळूच म्हणाली, "ता चांगला. ता तुमका खालल्यार पंचामृत. ह्या बघा विख." आणि दुसरं अळंबं उलटं केलं. झालरी मळकट हिरव्या, उजवीकडच्या फोटोत होत्या तंतोतंत तशा.

कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. ते वाकले, झालरी जवळून बघितल्या, उठून माझा फोटो बघितला.

"हे हिरवं..." ते म्हणाले. "हे तेव्हाच्या फोटोत का नव्हतं?"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. भाऊसुद्धा.

"कारण मी उघडा फ्लॅश मारला होता," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "जवळून मारला. सगळं पांढरं करून टाकलं. मला तेव्हाच कळलं होतं की फोटो चुकलाय. तुम्हाला आवडला म्हणून मी बोलले नाही. तुका त्यामुळे ओकला आणि काकीला बाजारातून उठवलं. चूक माझी आहे. पण आता कळल्यावरही हे पोस्टर तुम्ही इथं ठेवलंत तर ती तुमची."

डॉक्टरांनी पोस्टराच्या वरच्या दोन कोपऱ्यांत नखं घातली, ते सोलून काढलं, चौघडी घालून बगलेत मारलं आणि दवाखान्याकडे चालू लागले. पुढच्या वर्षी नवीन पोस्टर निघालं, माझ्या दोन फोटोंचं. माझं नाव नव्हतं. नसू दे. चुकलेल्या फोटोखाली मी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, तेवढं मला पुरलं.

येसूकाकीची टोपली तासाभरात रिकामी झाली. मुकादमानंच पहिला वाटा नेला. उठताना तिनं घडी घातलेली खोळ माझ्या हातात ठेवली.

"ठेव तुका."

"आणि तुम्ही?"

"माका खताची दुसरी पिशी आसा. तुझ्याकडे चेडवा येतत फोटो काढूक. तेंच्यार उघडी वीज पाडू नको."

*

घरी येताना भाऊ माझ्या चार पावलं पुढे चालत होते. स्टुडिओ उघडला, टोपी खुंटीला अडकवली, आत गेले. मी शोकेसची काच सरकवली आणि मधोमधचा तो मोठा फोटो काढला. त्या जागी गडग्यावर काढलेला फोटो लावला. काळी मी, चिखल लागलेली मी, दातांत फट असलेली मी.

"काय करतेस?" भाऊ दारात आले.

"शिफारस बदलतेय."

"डोकं फिरलंय तुझं. स्थळं शोधतोय तुला. लोक हाच फोटो बघून..."

"भाऊ, बेळगावचे पाहुणे आठवतात?"

त्यांनी मान फिरवली. आठवत होते. तीन वर्षांपूर्वी ते पाहुणे शोकेसमधल्याच फोटोची प्रत हातात घेऊन आमच्या घरी आले होते. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, समोर ठेवल्या, उभी राहिले. मुलाच्या आईनं बशी उचलली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाऊंना म्हणाली, "आता मुलीला बोलवा ना."

"मी तिथंच उभी होते, भाऊ," मी म्हटलं. "तुम्ही मला इतकं उजळवलं होतं की मी समोर उभी असून कुणाला दिसेना."

भाऊ आत गेले. संध्याकाळी मी चहा करून आले तर शोकेसमध्ये जुना फोटो परत लागला होता. मी तो काढला आणि माझा लावला. बुधवारी त्यांनी बदलला, मी पुन्हा बदलला. गुरुवारीही तेच. आम्ही दोघं एकाच पंगतीत जेवत होतो, मीठ-लोणचं मागत होतो आणि त्या विषयावर अक्षर बोलत नव्हतो. माझाच बाप तो. हट्ट मी कुठून आणला हे सांगायला नकोच.

शुक्रवारी एक मुलगी आईबरोबर आली. दाखवायचा फोटो हवा होता. मुलगी माझ्याहून सावळी, तोंडावर पावडरीचा थर, मान खाली. आई भाऊंशी बोलत होती, "जरा उजळ येऊ दे हां भाऊ, तुमच्या हाताला यश आहे." मुलगी शोकेससमोर उभी राहिली होती. उभीच राहिली.

"आई," ती म्हणाली, "मला असा हवा. या बाईंचा आहे तसा."

आई आली, बघितलं, मग काउंटरमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. "अगं, ह्या त्याच की," ती म्हणाली.

मी भाऊंकडे बघितलं नाही. मी पासपोर्टचे फोटो कापत राहिले. मुलीनं आत जाऊन तोंड धुतलं, पावडर काढून आली आणि भाऊंच्या समोर स्टुलावर बसली. भाऊ कॅमेऱ्यामागे गेले. फ्लॅश हातात घेतला, तिच्याकडे रोखला, खाली केला. पुन्हा रोखला, पुन्हा खाली केला.

"शैला," ते म्हणाले. तीन दिवसांत पहिल्यांदाच नावानं हाक.

"काय?"

"ती खोळ कुठे ठेवलीस?"